आत्याचं यंत्र

"आत्याकडचं काहीही बिघडलं, तरी ते माझ्याच हातून बिघडलेलं असतं," लिसिआते एकदा बेटावरच्या नेइआफू बंदराच्या धक्क्यावर मित्रांना म्हणाला होता. मित्र खदखदून हसले होते. आत्या त्या सगळ्यांनाच होत्या.

आईच्या घरातल्या पुढच्या खोलीत तो गावाचे कम्प्युटर दुरुस्त करायचा. समुद्राची खारी हवा इथे खिळ्यापासून फ्रीजपर्यंत सगळंच चाटून खाते, त्यामुळे काम भरपूर आणि मनस्ताप त्याहून जास्त. त्याचा स्वतःचा कम्प्युटर कोपऱ्यात होता. मोडीत निघालेल्या यंत्रांतून एकेक सुटा भाग जमवत त्यानं तो उभा केला होता. उद्या सकाळी त्यावरच ऑकलंडच्या एका कंपनीची परीक्षा होती. पास झाला तर घरी बसून नोकरी. नाही तर बाकीच्यांसारखं ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला जायचं, आणि ते त्याला मरणाहूनही नकोसं होतं.

दुपारी सेनोलिता आत्या आली. चटईत गुंडाळलेला तिचा कम्प्युटर ड्रायव्हरनं आत आणून ठेवला. तोही लिसिआतेनंच जोडून दिलेला. आई लगबगीनं खुर्चीवरून उठून जमिनीवर बसली.

"हे बघ, काय करून ठेवलंयस ते," आत्या खुर्चीत टेकत म्हणाली. "चालू होतं, ओरडतं, बंद पडतं. परत चालू, परत ओरड. नातीचं तोंड पाहून आठवडा झाला मला. सिडनीत ती चालायला लागली म्हणे."

त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, तीन लांब शिट्ट्या वाजल्या, पडदा काळाच. क्षणभरानं पुन्हा तेच. त्यानं वीज पुरवणारा डबा बदलून पाहिला. तीन शिट्ट्या. बोर्डावरची छोटी बॅटरी काढून परत बसवली. तीन शिट्ट्या. दोघी बायका त्याच्या पाठीकडे बघत होत्या.

मग त्यानं आत नीट वाकून पाहिलं आणि फुलांचा वास आला.

"आत्या, आत तेल घातलंत?"

"घातलं. खोबऱ्याचं. आपलं सुगंधी. गंज चढू नये म्हणून."

"यात तेल घालतात का कोणी!"

"शिवणयंत्राला घालते, वीस वर्षं चालतंय. यालाच काय धाड भरली?"

मेमरीची पट्टी त्यानं उपसून काढली. तेलाला मुंग्या लागल्या होत्या, आणि मेलेल्या मुंग्यांच्या चिखलाखाली पट्टीची सोनेरी कड जळून काळी पडली होती. त्यानं खोडरबरानं घासली, स्पिरिटनं पुसली, परत बसवली. तीन शिट्ट्या.

"पट्टी जळलीय. मुंग्यांमुळे."

"मुंग्यांवर कशाला ढकलतोस? जोडतानाच ढिली बसवली असशील. तुझा बापही असाच. त्यानं बांधलेलं छप्पर पहिल्याच वादळात उडालं."

"मी नीटच जोडलं होतं."

"मग चालत का नाही?"

आई खोकली. त्याला तो खोकला लहानपणापासून माहीत होता, त्याचा अर्थ गप्प बस. पण रागाच्या भरात त्याला ऐकू आला तो फक्त आवाज. तो तडक कोपऱ्यात गेला, स्वतःचा कम्प्युटर उघडला, त्यातली एकुलती एक पट्टी काढली आणि आत्याच्या यंत्रात खटकन बसवली.

एकच बारीक शिट्टी. पडदा निळा झाला, आणि त्यावर दोन दातांच्या एका मुलीचा हसरा फोटो उमटला.

"बघा! जोडणीत काही चूक नाही. खराब आहे ती तुमची पट्टी!"

"होती," आत्या म्हणाली. तिनं डोळे पुसले. "आता चांगली बसवलीस. काढ ती वायर, आणि गुंडाळ."

तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय करून बसलो ते. बापाच्या बहिणीच्या हाती पडलेली वस्तू परत मागत नाहीत. त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या मजल्यामजल्यांच्या केकातला सर्वांत वरचा केक तिनं नेला होता, बापाच्या मयतीत आहेर म्हणून आलेल्या उत्तम चटया तिनंच नेल्या होत्या, आणि कुणाच्या कपाळावर आठी उमटली नव्हती. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांत एकही धड पट्टी नव्हती; दुसरी राजधानीहून बोटीनं येणार, आणि बोट कधी येईल ते बोटीलाच ठाऊक.

"आत्या, उद्या सकाळी माझी परीक्षा आहे."

"मग आज लवकर नीज."

"म्हणजे... त्या कम्प्युटरवर आहे."

आत्यानं कोपऱ्यातल्या उघड्या यंत्राकडे पाहिलं. "दुरुस्त कर की. लोकांची करतोस ना?"

त्यानं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"वन्सं, चहा ठेवू?"

"नको गं. मुलीला फोन करायचाय. पोरा, गाडीपर्यंत आणून दे. आणि सांभाळून, आपटू नकोस. परत बिघडलं तर तुलाच बोलीन."

लिसिआतेनं वायर काढली. झाकणाचे चारही स्क्रू आवळले, त्यातला एक जरा जास्तच. कम्प्युटर चटईत गुंडाळला, पोटाशी धरून उचलला आणि दाराबाहेर पडला.