नाणेघाटात मारलेल्या हाका

नारायणगावजवळच्या एका कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मी बरीच वर्षं शिकवते आहे. माझं माहेर निरगुडसर. तिथून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, पण मी शाळेतल्याच एका खोलीत राहते. आमच्याकडे मुलांना तोंडानं बोलायला शिकवतात. आरशासमोर बसवायचं, आपल्या गळ्यावर त्यांचा हात ठेवायचा, ओठांची हालचाल दाखवायची. माझं प्रशिक्षणही तेच. मुलं आपापसात हातांनी बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वर्गात हात खाली ठेवायचे, असा नियम होता. तो मीही पाळायला लावायची.

एका वर्षी श्रावणाच्या शेवटी जर्मनीहून एक बाई आल्या. एका संस्थेमार्फत, दोन महिने मुलांबरोबर विनामोबदला काम करायला. पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, मनगटं जाड. तिकडे त्या एका बेकरीत कामाला होत्या. त्या स्वतःच जन्मापासून बहिऱ्या आहेत हे आम्हाला त्या गाडीतून उतरल्यावर कळलं. पत्रात तसं लिहिलेलं होतं, पण पत्राचं दुसरं पान कुणी वाचलं नव्हतं. मला त्यातल्या त्यात इंग्रजी येतं म्हणून त्यांची व्यवस्था माझ्याकडे आली, आणि माझ्या खोलीत दुसरी कॉट पडली.

आमचं बोलणं मोबाइलवर चालायचं. त्या त्यांच्या भाषेत टाइप करायच्या, मोबाइल त्याचं मराठी करून द्यायचा, आणि ते मराठी कधीकधी फार विचित्र असायचं. मुलांशी मात्र त्यांना मोबाइल लागला नाही. त्यांच्या खुणा वेगळ्या होत्या, मुळाक्षरं त्या एका हातानं काढायच्या आणि आमची मुलं दोन हातांनी. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी जेवणाच्या पंगतीत मी पाहिलं, त्या काहीतरी सांगत होत्या आणि अख्खी पंगत हसत होती. मला त्यातलं काहीच कळलं नाही. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, त्यांनाही नाही कळलं, पण भाकरी थापायला मात्र बाई लगेच शिकल्या.

मुलं शिक्षकांना खुणेची नावं ठेवतात. मुख्याध्यापकांचं नाव मिशीवरून. माझं नाव चष्म्यावरून असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. बाईंनी एकदा सहज मोबाइलवर विचारलं, तुमच्या नावाची खूण ही का आहे? आणि तोंडासमोर हाताची चोच करून ती दोन-तीनदा उघडून मिटून दाखवली. मी म्हटलं, माहीत नाही. माहीत नव्हतंच.

गणपती झाल्यावर शाळेची सहल निघाली. मोठ्या गटातली बारा मुलं, पीटीचे सर, मी आणि बाई. शाळेच्या ओळखीतली एक ट्रॅव्हलर होती. तिचा ड्रायव्हर लोणी गावचा, बोलका माणूस. मी पुढे त्याच्याशेजारी बसले होते. जुन्नर मागे टाकून आपटाळ्याच्या पुढे गेलो, भातखाचरं लागली, आणि समोर जीवधन किल्ला दिसायला लागला. ड्रायव्हर टोमॅटोच्या बाजाराचं सांगत होता, मी ऐकत होते. मागे काय चाललं होतं ते मी वळून पाहिलं नाही. मागून आवाज आला असता तर वळले असते.

नाणेघाटात सोमवार असल्यामुळे गर्दी नव्हती. पिवळी सोनकी फुलली होती. मुलांनी दगडी रांजणात हात घालून पाहिले, लेण्यात जाऊन भिंतीवरची जुनी अक्षरं बोटांनी गिरवली. बाहेर आलो तेव्हा कोकणातून ढग वर चढत होते. आमच्या एका मुलीनं माझा पदर ओढला आणि हातांनी घाईघाईनं काही सांगायला लागली. मी सवयीप्रमाणे तिचे हात धरून खाली केले, आणि ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, "नीट तोंडानं सांग." तिनं एकदा प्रयत्न केला, मला काही कळलं नाही. मग ती निघून गेली.

पाचएक मिनिटांत धुकं इतकं दाट झालं की गाडी दिसेना. मुलांना एकत्र केलं आणि मोजलं. अकरा. सरांनी मोजलं. अकराच.

जी दिसत नव्हती ती मुलगी बारा वर्षांची, त्याच डोंगरपट्ट्यातल्या एका वाडीवरची. शाळेत उशिरा आलेली, त्यामुळे तोंडानं बोलण्यात सगळ्यांत मागे. मी कड्याच्या बाजूला गेले आणि तिचं नाव घेऊन हाका मारायला लागले. लेण्यात वाकून मारल्या, रांजणापाशी मारल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. घसा बसेपर्यंत.

ड्रायव्हर माझ्यामागे येऊन उभा राहिला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, त्या पोरीला ऐकू येत न्हाई ना? मंग हाका कुणाला मारताय?"

मी थांबले. मला राग आला नाही, लाजही त्या क्षणी वाटली नाही. आता काय करायचं असतं, एवढंच सुचेना.

बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि मुलांकडे वळून एक खूण केली. मघाची पदर ओढणारी मुलगी लगेच पुढे आली. दोघींचं अर्ध्या मिनिटात बोलणं झालं. बाईंनी मोबाइलवर लिहून दिलं: ती घरी गेली आहे. आई आणि नवीन बाळ. डोंगराच्या या बाजूला. सगळ्या मुलांना माहीत आहे. मलाही माहीत आहे की घर इथे आहे, तिने गाडीत दाखवले. जाणार आहे हे मला माहीत नव्हते.

बाळ झाल्याचा फोन महिन्याभरापूर्वी शाळेत आला होता. निरोप मीच तिला दिला होता, तोंडानं, दोनदा. तिनं मान हलवली होती. आमची मुलं न कळलं तरी मान हलवतात, हे मला माहीत असायला हवं होतं. तो निरोप तिला पुढे दुसऱ्या मुलांनीच हातांनी समजावला असणार.

मुलांना सरांजवळ ठेवून ड्रायव्हर, बाई आणि मी गाडी घेऊन मागे फिरलो. वाडी रस्त्यापासून थोडी आत होती. ती घराच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, मांडीवर बाळ. चिखलानं माखलेल्या चपला बाहेर नीट ओळीनं काढून ठेवलेल्या. मला पाहून ती उठली नाही. बाळ झोपल्याची खूण तिनं बाईंना केली, मला नाही.

तिची आई घरामागच्या खाचरातून धावत आली. पोरगी एकटी कशी आली, शाळेनं काढलं का, असं विचारत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "बाई, तुमी त्यातल्या हाय. ह्याला ऐकाया येतं का तेवढं बघा ना."

मी म्हटलं, त्याची तपासणी दवाखान्यात होते, मी लिहून देते. पण तिला धीर नव्हता. बाळ हललं तसं तिनं आतून एक ताटली आणि पळी आणली, बाळाच्या मागच्या बाजूला जाऊन जोरात वाजवली. बाळ दचकलं, हात पसरले, रडायला लागलं. आई तिथंच खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, हसली, पुन्हा ताटली वाजवली.

मुलगी बाळाला धरून आईकडे बघत होती. बाईही बघत होत्या. त्या घरात ताटलीचा आवाज न ऐकलेल्या त्या दोघीच होत्या, आणि काय झालं ते दोघींनाही कळलं होतं. तरी बाईंनी मोबाइल माझ्यापुढे केला. मी लिहिलं, बाळाला ऐकू येतं. त्यांनी वाचलं, मोबाइल खिशात ठेवला, आणि मुलीपुढे उकिडवं बसून हातांनी काहीतरी बराच वेळ सांगितलं. मुलगी आधी गंभीर होती, मग थोडी हसली. काय सांगितलं हे मी नंतर विचारलं. त्यांनी लिहिलं, ते आमच्या दोघींचे आहे.

शाळेत परतल्यावर लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी खरा दिला, पदर ओढणाऱ्या मुलीसकट. मुख्याध्यापकांनी तो वाचून फाइलला लावला. पुढच्या आठवड्यापासून मी मधल्या सुट्टीत त्याच पदर ओढणाऱ्या मुलीसमोर बसायला लागले, खुणा शिकायला. ती कडक मास्तरीण निघाली. चुकलं की माझी बोटं धरून सरळ करायची. बाई ऑक्टोबरमध्ये गेल्या. जाताना मुलांनी त्यांना दाराशी बराच वेळ अडवून ठेवलं. माझा आणि त्यांचा निरोप मोबाइलवरच झाला, आणि तोही मोबाइलनं बिघडवला. वर्गातला हात खाली ठेवायचा नियम कुणी मोडीत काढला नाही, फक्त माझ्या तासाला तो राहिला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वाडीवरच्या त्या मुलीला घरी सोडायला मी स्वतः गेले. बाळ आता मान धरत होतं. आईला म्हटलं, दहा-बारा खुणा शिकवते, घरात उपयोगी पडतील. भूक, पाणी, दुखतंय, थांब, अशी यादी मी करून नेली होती. तिनं यादी ऐकून घेतली आणि म्हणाली, हे तर आम्ही करतोच कसंतरी. मग तिनं विचारलं, "रुसलीस का, असं कसं इचारायचं?"

मी दाखवलं. तिनं दोन-तीनदा माझ्यासमोर करून पाहिलं, मग मुलीकडे वळून केलं. मुलगी दोन्ही हातांनी बोलायला लागली, खूप वेळ, न थांबता. आई माझ्याकडे बघत होती. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि तेवढं मी तिला सांगितलं.