शेपूटआबांचा चहाचा दंड

आमच्या कामशेतच्या चाळीत शेपूटआबा राहायचे. "आबा, बरं हाय का?" म्हनलं की उत्तर द्यायचं सोडून सवालच टाकायचे, "शेवटी एम आन टी येतं, असा इंग्रजी शब्द सांग." आता नळाला पानी आलंय, काखंत हंडा, आन ह्यो म्हातारा एमटी इचारतोय! मग सोताच सांगायचे, "ड्रेम्ट. म्हंजी सपान पडलं." शब्दाच्या शेवटाला ते शेपूट म्हनायचे, म्हनून गल्लीनं त्यांनाच शेपूटआबा करून टाकलं.

आदी खंडाळ्याला त्यांची टॅक्सी होती. घाटात गाड्या अडकल्या की मागं बसलेली बंगल्यातली पोरं असली कोडी घालायची. "पोरं उतरून गेली, शेपटं माज्याकडंच ऱ्हायली," आबा म्हनायचे.

मी आठवी नापास. इंग्रजी म्हनलं की मी हंडा उचलून पळायचे. पयल्यांदा मला इचारलं तवा मी म्हनले, "आबा, मला न्हाई येत." झालं! "दंड! समद्यांना चहा ठेव." त्यांचा ह्यो एकच कायदा. चुकीचं बोला, बटाटा म्हना, चालंल, पन येत न्हाई म्हनलं की कट्ट्यावर बसलेल्या समद्यांना चहा. शेजारच्या कुसुममावशी तर कायबी ठोकायच्या. एकदा जी-आर-वायचं शेपूट इचारलं तर म्हनल्या, "भगर!" आबा म्हनले, "दोनच शब्द हायेत मावशी. हंग्री आन अँग्री. भुकेला आन रागावल्याला." मावशी म्हनल्या, "दोन कशाला? आमच्या घरात एकच मानूस हाय की तसला."

मला हसू यायचं, पन जीव थाऱ्यावर नसायचा. माजी चिऊ तीन वर्साची झालती आन एक शब्द बोलत नव्हती. डॉक्टर म्हनले, कान चांगलेत, बोलंल, तुमी बोलत ऱ्हावा. पन मला कुटं दम! ती खेळत असली की मागनं ताट वाजवून बघायचे. सासूबाई म्हनायच्या, "आईच भित्री, पोर काय बोलनार."

आबा तिला रोज कोडं घालायचे, मोठ्या मानसाला घालावं तसं. इचारायचे आन वाट बघत बसायचे. मीच मधी तोंड घालायचे, "आबा, ती न्हाई हो..." तर हात वर करून म्हनायचे, "तिची पाळी हाय. तुजी न्हाई."

एक दिस असंच. "चिऊताई, शेवटी आय येतं असा शब्द? सोप्पाय, माजी गाडीच." चिऊ बघत बसली. आबा वाट बघत बसले. माज्या तोंडाशी 'टॅक्सी' आलतं, मी पदर दातात धरला. आन पोरगी कपाळाला आठ्या घालून म्हनली, "येत न्हाई!"

मावशीच वरडल्या, "आबा, दंड!" मी तितंच खाली बसून रडाय लागले. आबा उठले. "पोरीचा दंड माजा," म्हनले, आन सोता चहा ठिवला. गडबडीत साखर दोनदा टाकली. आमी समद्यांनी त्यो पाक हसत हसत पिला.

औंदा गुडघे गेले म्हनून लेकानं त्यांना तळेगावला नेलं. कट्ट्यावर आता कुनी कुनाला दंड करत न्हाई.

परवा बालवाडीच्या बाई म्हनल्या, "तुमची चिऊ फार बोलते हो, मला बोलू देत नाही." मी म्हनले, "बाई, परत सांगा की." तितनं निघाले ती बाजारात येऊन आबांना फोन लावला. त्यांना आता ऐकू कमी येतं. मग काय, तांदळाच्या दुकानाम्होरं उभी ऱ्हाऊन वरडले, "आबा, चिऊची तक्रार आलीया! लय बोलती म्हनं!" गिऱ्हाइकं वळून बघाय लागली.

"ऐकू न्हाई आलं," आबा म्हनले. "अजून मोठ्यानं."

त्यांना पयल्याच हाकंला ऐकू आलं असनार. मी अजून मोठ्यानं वरडले.