एकतीस नंबरचं जहाज

मला थांबता येत नाही. रांगेत नाही, दवाखान्यात नाही, दूध तापेपर्यंत गॅसजवळसुद्धा नाही. या स्वभावापायी मी एकदा वडिलांच्या जहाजाची वाट लावली.

जहाज म्हणजे सिगारेटच्या पाकिटात मिळणारं, जहाजाच्या चित्राचं जुनं कार्ड, आगपेटीपेक्षा जरासं मोठं. आजोबा उरणचे, बोटीवर खलाशी. त्यांनी बंदराबंदरांतून जमवलेली ही कार्डं वडिलांकडे आली. संच पन्नासाचा, पण त्यात तेवीस नंबर नव्हता. उरणकडचं नवं बंदर नुकतंच सुरू झालं होतं, तिथे वडील कारकून होते आणि आम्ही पनवेलला भाड्याने राहायचो. दर रविवारी ते अल्बम उघडून त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसायचे. मला त्याचा अगदी राग यायचा.

शेवटी मीच कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकातून इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाचा पत्ता शोधला आणि पत्र टाकलं. त्यांच्याकडे तेवीस नंबर जास्तीचा होता. बदल्यात त्यांना आठ किंवा एकतीस हवा होता. आमच्याकडे एकतीस एकच, पण आठ नंबर दोन होते. त्यातला एक कोरा करकरीत, दुसऱ्याचा कोपरा दुमडलेला. दुमडलेला देऊन टाकू, असं मी म्हटलं.

"परक्या माणसाला दुमडलेला कसा देऊ? नाय जमायचा," वडील म्हणाले. मन भरून आलं की त्यांच्या तोंडी उरणची बोली यायची.

विमा उतरवून पाठवायचं, हेही त्यांनीच ठरवलं. फॉर्मवर किंमत काय लिहायची, यात त्यांचे चार दिवस गेले. कमी लिहिली तर आजोबांचा अपमान, जास्त लिहिली तर सरकारशी खोटेपणा. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. पाचव्या दिवशी पोस्टात गेले, तर खिडकीवरच्या बाबूंनी पाकीट परत दिलं. विम्याचं पाकीट कापडात शिवलेलं हवं, प्रत्येक शिवणीवर लाखेचा शिक्का हवा, सगळे शिक्के एकाच छापाचे, आणि नाणं दाबलेलं चालणार नाही.

आमच्याकडे कुठली आली मोहोर? आईने पेढ्याचा पितळी साचा काढून दिला, त्यावर फूल कोरलेलं होतं. मांजरपाटाची पिशवीही तिनेच शिवली. कामावर जाताना वडील सांगून गेले होते की कार्डाच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा घाल. पण पुठ्ठा पिशवीत जाईना. पिशवी उसवून पुन्हा शिवायची तर पोस्टाची खिडकी बंद झाली असती. विमा उतरवतोय ना, मग पुठ्ठा कशाला, असं म्हणून मी तसंच शिवून टाकलं. स्टोव्हवर वितळवलेली लाख शिवणीवर ओतली आणि साचा जोर लावून दाबला.

पुढचे दोन महिने मी पोस्टमनला सळो की पळो करून सोडलं. तो कोपऱ्यावर मला पाहिलं की दुरूनच मान हलवायचा.

मग पत्र आलं. त्यात तेवीस नंबर होता, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये. म्हाताऱ्यांनी लिहिलं होतं की पाकीट उत्तम पोचलं, एकही शिक्का तुटला नव्हता. फक्त लाखेच्या उष्णतेने कार्ड आतल्या कागदाला चिकटलं होतं आणि जहाजावर फुलाचा खोल ठसा उठला होता. असं होतं कधीकधी, तेवीस नंबर ठेवून घ्या.

विमा वाटेतल्या नुकसानीचा होता. हे नुकसान आमच्या स्टोव्हवर झालं होतं, आणि ते मी केलं होतं. संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. पुठ्ठ्याचंही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तेवीस नंबर अल्बममध्ये बसवला, थोडा वेळ पाहिला, आणि मग पानं उलटून एकतीस नंबर बाहेर काढला.

मी म्हटलं, अहो बाबा, त्यांनी ठेवून घ्या असं लिहिलंय.

"त्यांनी लिवलाय. आपण असाच नाय घ्यायचा."

या वेळी ते स्वतः बराच वेळ शिवत बसले, पुठ्ठ्यासकट. लाखही त्यांनीच हलक्या हाताने लावली. मी शेजारी बसून होते, एकदाही उठले नाही.

अल्बम आता माझ्याकडे आहे. तेवीस नंबर जागेवर आहे. एकतीसचा चौकोन रिकामा आहे, आणि रविवारी मी त्याच्याकडे बघत बसते.