आधी अक्कांना सांगितलं

"मारलं कसं ते ऱ्हाऊ दे. फसवलं कसं ते देख." समोरच्या अक्का असं म्हणायच्या आणि रिमोटनं खुनाचा भाग पुढं ढकलायच्या. मांडीवर मेथीची जुडी, टीव्हीवर खऱ्या गुन्ह्यांची डॉक्युमेंटरी आणि शेजारी माझी पंधरा वर्षांची ईशा. जळगावात आमची दारं समोरासमोर.

तुम्हीच सांगा, कुठल्या आईला हे पटेल? मी तणतणत गेले. "अक्का, पोरीच्या जातीनं असलं बघायचं?"

"मग कोणी बघायचं? बंद केलं तर गोधडीत मोबाइल घेऊन एकटी बघेल. तिथं तिला टोकणारं कोण शे?"

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

खरं सांगू? खून-बिन बाजूलाच राहिले. माझ्याशी हो-नाहीपलीकडे न बोलणारी कार्टी तिथं खिदळायची, वाद घालायची, अक्कांच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मागून खायची. माझ्या हातची तिला कडू लागते! जळायचे मी, अगदी उघड जळायचे.

एके दिवशी अक्का ईशाचा हात धरून आमच्या दारात उभ्या. मोबाइलवरची कुणी एक मैत्रीण आधी गोड गोड बोलली, मग 'आईला सांगू नको' म्हणाली, मग फोटो मागायला लागली. पोरीनं तिथंच फसवणूक ओळखली. फोटो पाठवला नाही, आणि धावत गेली ती अक्कांकडे.

"आधी आईला सांगायचं ना, बेटा," अक्का म्हणाल्या.

"आई ओरडली असती."

"मी? मी कशाला ओरडेन?" मी ओरडले.

अक्का हसल्या. मला रडूच फुटलं. पोर वाचली, देवाचे उपकार. पण पोर माझी आणि भरवसा दुसरीवर? हे गिळवत नाही हो.

मागच्या महिन्यात अक्कांना त्यांच्या मुलानं धुळ्याला नेलं. समोर कुलूप लागलं. आता तरी पोर माझी, असं मनात आलंच, लपवत कशाला?

परवा ईशा मोबाइलमध्ये अडीअडचणीचे नंबर टाकत बसली होती. "पहिला कुणाचा?" मी विचारलं.

"अक्कांचा. दुसरा तुझा."

"अगं, त्या धुळ्याला!"

"त्या काय करायचं ते सांगतील. तू येशील. ओरडत का होईना, पण धावत येशील."

तिला जवळ घेतलं. तरी मला पहिला नंबर हवा होता.