उत्तर वाचून दाखवणारे आमदार

चहात साखर कमी पडली तरी ते म्हणणार, "चहात साखर नाही, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय?" विधानभवनात मंत्र्यांना लेखी प्रश्न विचारून विचारून जिभेला तेच वळण पडलेलं. मलकापूरकडच्या आमच्या डोंगरात त्यांना सगळे 'खरंहायका साहेब' म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. ते हसायचे. विधान परिषदेतले आमदार, पण कोल्हापुरातनं एसटीनं यायचे, नि पायात रबरी चप्पल.

लेखी प्रश्नावर त्यांचा भारी विश्वास. "बाई, भाषण वाऱ्यावर जातं," म्हणायचे, "कागदावरच्या प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं." आणि उत्तर आलं की ज्या गावाचा प्रश्न, त्या गावात स्वतः यायचे आणि चारचौघांत उभं राहून वाचून दाखवायचे. चांगलं असो, वाईट असो. "प्रश्न तुमचा. उत्तर मी खिशात कसं ठेवू?"

आमच्या वाडीत आरोग्य उपकेंद्राची इमारत झाली होती, पण नर्स नव्हती. दाराला कुलूप आणि ओट्यावर शेळ्या. बाई अडली की डोलीत घालून खाली न्यायची. एकदा साहेब आले तेव्हा मी पुढं झाले. म्हटलं, "साहेब, मंत्र्याला इचारा, आमच्या बायकांनी बाळंत व्हायला कुणाच्या दारात जायचं?"

"असं विचारलं तर तो म्हणेल, कुणाच्याही," ते हसून म्हणाले. मग त्याच ओट्यावर शेळ्या बाजूला सारून बसले आणि लिहिलं, 'उपकेंद्रात परिचारिकेचे पद रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली?'

काही दिवसांनी जीप आली. कुलूप उघडलं. पेटी घेऊन नर्सबाई उतरली. आम्ही हार घातला, पेढे वाटले. ती मान वर करेना. मी विचारलं, "सिस्टर, किती दिस ऱ्हाणार?" "वरनं सांगतील तोवर," म्हणाली. आनंदाच्या भरात ते बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

पुढच्याच पंधरवड्यात साहेब उत्तर घेऊन आले. उपकेंद्रापुढं सगळी वाडी जमली. त्यांनी खणखणीत वाचलं, "हे खरे नाही. सदर ठिकाणी परिचारिका कार्यरत आहे. सबब पुढील प्रश्न उद्भवत नाही." टाळ्या पडल्या.

टाळ्या संपताहेत तोच माझा भाऊ खिंड उतरून धापा टाकत आला. खिंडीपलीकडच्या गावात तो राहायचा. त्याची लेक मंगल माहेरी बाळंतपणाला आलेली. "आक्का, मंगल गेली गं," म्हणाला. "पहाटं अडली. नर्सबाईच्या दाराला कुलूप. बाळबी न्हाय ऱ्हायलं." आणि तेवढ्यात त्याची नजर ओट्यावर गेली. तो बघतच राहिला.

"बाई, तुमी हितं?"

नर्सबाई ओट्यावरनं खाली उतरली. "मला जीपमध्ये घातलं हो दादा. उत्तर जाईस्तोवर तिकडं बसा म्हणाले." साहेबांच्या हातात कागद तसाच होता. त्या दिवशी ते खिंड चढून आमच्याबरोबर मातीला आले.

दुसरा प्रश्न त्यांनी मंगलचा टाकला. उत्तराला कित्येक महिने लागले. ते घेऊन भावाच्या अंगणात आले. मी म्हटलं, "नगा वाचू, साहेब." "वाचलं पाहिजे," म्हणाले. चांगलं उत्तर जसं वाचायचे तसंच उभं राहून वाचलं, "प्रसूतीवेळी महिलेचा मृत्यू झाला, हे अंशतः खरे आहे."

भाऊ म्हणाला, "अंशतः म्हंजे वो? थोडीच मेलीया व्हय माझी लेक?"

साहेबांनी चष्मा काढला. तो कागद भावाच्या हातात दिला.

त्यानंतरही त्यांनी प्रश्न सोडले नाहीत. पण कुणी काही मागायला आलं, मास्तर म्हणा, एसटी म्हणा, की आधी विचारायचे, "कुठनं काढून आणतील?" लोक वैतागायचे. "आमदार हाय का वकील?" म्हणायचे. आमदारकीची मुदत संपली, पक्षानं पुन्हा विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ते कोल्हापुरात दवाखान्यात होते, तेव्हा मी भेटायला गेले. आवाज पार बसलेला. त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "साहेब, आमच्याकडं नवी नर्स आलीया. कायमची."

त्यांनी डोळे उघडले. "कुठनं काढून आणली?"

मी चौकशीच केली नव्हती. "बघून सांगते," म्हटलं आणि निघाले. आधी खिंडीपलीकडं गेले. भावाच्या गावात नर्सबाई होती, जिवात जीव आला. मग त्याच्याही पुढच्या वस्तीवर गेले. तिथल्या नर्सबाईच्या दाराला कुलूप.

आजारी माणसाला हे काय सांगायचं? एसटीत बसून सगळ्या वाटेनं तोच विचार. पण उत्तर खिशात ठेवायचं नसतं. उशाशी उभी राहून सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "लिहा."

मी पिशवीतनं कागद काढला. ते एकेक शब्द सांगत गेले, मी लिहीत गेले. 'हे खरे आहे काय' इथं आल्यावर त्यांना दम लागला, तर पुढचं मीच पुरं केलं. आता हा प्रश्न विचारणार कोण, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.