माझी कावीळ कुणी उतरवली?

"आजी, पित्तनलिकेत खडा अडकलाय. वर जंतुसंसर्गही झालाय. इतके दिवस काय करत होतात?" ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काय सांगणार, पाला चोळत होते म्हणून?

डोळे पिवळे दिसले तेव्हा माझी जाऊ सुलभा म्हणाली, "ताई, आधी कावीळ उतरवून घेऊ." डोंबिवलीहून निघालो ते दिवा स्टेशनापलीकडच्या एका गावात. तिथले मामा रविवारी औषध देतात. उपाशीपोटी कडू रस प्यायचा, तळहातांना पाला चोळायचा, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळंजर्द! झाली म्हणे कावीळ कमी.

तिसऱ्या रविवारी मला धड बसवेना. सुलभानेच माझे हात चोळले आणि मग स्वतःचे दुसऱ्या घमेल्यात धुतले. तेही पाणी पिवळं!

"मामा, हिला कुठे कावीळ आहे?" मी विचारलं.

"अंगात लपलेली असेल."

आणि आम्ही दोघींनी काय केलं? हसलो, रस प्यायलो, घरी आलो. संध्याकाळी मला हुडहुडी भरून ताप आला.

हॉस्पिटलात ईआरसीपी केली, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून खडा काढला. मग बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं ते पिवळं द्रव्य, हळूहळू उतरलं. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

शेवटी मी पाल्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भुईआवळ्यासारख्या वनस्पतींवर अभ्यास झालेत, पण भरवसा ठेवावा असा पुरावा अजून नाही. काही काढ्यांनी तर लिव्हर उलट बिघडतं. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, नाव पाल्याचं होतं. खडा मात्र पाल्याने हलत नाही, आजी."

घरी आले तर शेजारीण म्हणते, "काकू, मामांचा गुण आला हो!" मामाही सांगत सुटले होते, डोंबिवलीच्या काकू माझ्याच औषधाने उठल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या रविवारी सुलभाला घेऊन थेट मामांच्या रांगेसमोर उभी राहिले. "त्या काकू मीच. मरता मरता वाचले. डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा, सोनोग्राफी करा. कावीळ कशाने झाली ते तरी कळू दे!"

"काकू, कशाला आमच्या पोटावर पाय देता?" मामा म्हणाले.

"आणि माझा जीव जात होता तो?"

कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं. एक बाई मात्र लेकीचा हात धरून रांगेतून बाहेर आली. "आज रविवार. रक्त कुठे तपासतील हो?"

मी काही बोलायच्या आत सुलभाने रिक्षाला हात केला. "चला, मी येते तुमच्याबरोबर."