पन्नासची लेन्स

त्या दिवशी सकाळी कणीक मळत होते आणि यांचा दवाखान्यातून फोन आला. "शालू… ताई गेली." एवढंच बोलले. माझे हात कणकेत, फोन खांद्याने कानाशी धरलेला, आणि मनात पहिलं आलं ते हेच, की आदल्या संध्याकाळी त्यांनी जवळ बोलावलं होतं आणि मी गेले नव्हते.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. लग्न केलं नाही. शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्त झाल्यावर राजेंद्र नगरच्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या. येताना कॅमेरा घेऊन आल्या. देवळं, तळी, मोर यांचे फोटो त्यांना नको असत. कुकरची वाफ, दोरीवरचे कपडे, असं रोजचंच काढायचं असे. मल्हारगंजातल्या एका दुकानदाराने त्यांना दोन लेन्स पाहायला दिल्या, एक पस्तीस मिलिमीटरची, एक पन्नासची. आवडेल ती ठेवा, दुसरी परत आणा. दिसायला दोन्ही सारख्याच, मुठीत मावतील एवढ्या. लांबचं जवळ ओढून दाखवायची सोय दोन्हींत नव्हती. जवळून हवं असेल तर आपणच पुढे जायचं.

मग मला ओट्यापाशी उभं करून त्यांची परीक्षा सुरू झाली. पन्नासची लावली की त्या दारात उभ्या राहत आणि फोटोत मी एकटीच येई. पस्तीसची लावली की माझा चेहरा तेवढाच मोठा यावा म्हणून त्या पार जवळ येत, त्यांच्या तोंडातल्या बडीशेपेचा वास येई, आणि फोटोत माझ्यामागे फडताळ, घड्याळ, वाळत घातलेलं फडकं, सगळं घर येई. मला कोणी जवळून पाहिलं की पदराचं टोक आपोआप दातांत जातं. "अरे यार शालू, पदर काय चावतेस? कॅमेरा आहे, सासू थोडीच आहे!" त्या हसायच्या. शेवटी दोन्ही फोटो दाखवून म्हणाल्या, "तूच सांग, कोणती ठेवू? रोज समोर तर तूच असणार." मी म्हटलं, पन्नासची. "क्यूँ भई?" "त्यात मी बरी दिसते." त्यांनी लगेच मानलं. दुकानदार म्हणाला, "मैडमजी, छोटे घर में पैंतीस ही काम आएगी," तर वन्संच त्याला म्हणाल्या, "हमारी शालू ने पचास वाली पास की है." घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी बरी दिसत होते म्हणून नव्हे, त्या लांब उभ्या राहत म्हणून मी ती निवडली होती.

पुढे घरात चार माणसांचा फोटो काढायचा तर त्या मागे मागे सरत भिंतीला टेकत. "शालू, भिंत जरा सरकव गं!" सगळे हसत, मीही हसे.

आजारपणात पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि मागे सरणंच संपलं. पेज घेऊन गेले की फोटोत नुसता माझा हात आणि वाटी येई, नाहीतर हनुवटी. "दारात उभी राहा, तिथे पूर्ण मावतेस," त्या म्हणत. मग मी दारातच उभी राहू लागले. औषध दिलं, पाणी दिलं की चटकन दारात. त्यांना वाटत असेल, ही फोटोसाठी उभी राहते… मला ते सोयीचंच होतं. आजारी माणसाजवळ बसून काय बोलावं, मला सुचत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली ठेवला. "राहू दे आज फोटो. इकडे ये, बैस जरा." मी म्हटलं, "दूध आहे गॅसवर." दूध होतंच. पण गॅस बंद करता आला असता. रात्री त्यांना दवाखान्यात हलवलं.

खाट अजून तिथेच आहे. काल तिच्यावर बसून मी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. शेवटचे सगळे माझेच. दाराची चौकट, तिच्यात मी, हातात कधी वाटी, कधी पेला. पन्नासच्या लेन्सने मला स्वच्छ टिपलंय, पायाच्या बोटांपर्यंत. आणि प्रत्येक फोटोत माझा एक पाय खोलीत आहे, एक उंबऱ्याबाहेर. वन्संनी आयुष्यभर मुलांना बघायला शिकवलं… माझा तो बाहेरचा पाय त्यांना दिसला नसेल, असं मी स्वतःला किती वेळा सांगून पाहते.